बार कुठे लागतो

माझ्या सासऱ्यांची बंदूक पुढे साडूला मिळणार, हे घरात सगळ्यांनी इतकं गृहीत धरलं होतं की त्यावर कुणी बोलतही नसे. बोलले असते तर निदान वाद घालता आला असता.

"तुम्हाला बंदूक कशाला हवी?" असं बायकोने विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. आम्ही नाशकात द्वारका चौकाजवळ चौथ्या मजल्यावर राहतो. मी जन्मभर कॉलेजात इतिहास शिकवत आलोय. माझ्या हातून सुटलेली सर्वांत घातक वस्तू म्हणजे खडू, आणि तोही बहुधा मागच्या बाकापर्यंत पोचायचा नाही. शस्त्र हातात घेऊन फोटो काढणाऱ्यांबद्दल मी वर्गात बरंच वाईट बोललेलो आहे. तरी ती बंदूक मला हवी होती. जरा खोलात जाऊन पाहिलं तर मला मिळण्यापेक्षा त्याला न मिळण्यात माझा जीव जास्त अडकला होता. हे मी बायकोला सांगितलं नाही. तिला ते माहीत होतं.

बंदूक दुबारी, म्हणजे शेजारी-शेजारी दोन नळ्यांची, बारा बोअरची, छऱ्यांची. सासऱ्यांनी (आम्ही दोघे जावई त्यांना मामा म्हणतो) ती तरुणपणी निफाडकडच्या आपल्या द्राक्षबागेसाठी पीक संरक्षणाच्या परवान्यावर घेतली होती. मण्यांत साखर भरायला लागली की पाखरांचे थवे उतरतात. मग मामा बांधावर उभे राहून हवेत बार काढत. पाखरं उठून शेजारच्या बागेत जात. शेजारी फटाके लावी, आणि ती परत येत. वर्षानुवर्षं एवढंच चाललं होतं. गावात मात्र मामांच्या नेमाची ख्याती होती. आकाशावर मारलेला बार चुकत नाही, हे कुणी ध्यानात घेतलं नव्हतं.

साडू म्हणजे थोरल्या मुलीचा नवरा. मामांच्या बागेला लागूनच त्याची बाग, शिवाय खतं-औषधांचं दुकान, आणि निवडणूक असो नसो, चौकातल्या फ्लेक्सवर हात जोडलेला फोटो. दसऱ्याला मामांकडे बंदुकीची पूजा होते. हळदकुंकू, झेंडूची माळ, आपट्याची पानं, संपलं. साडूने त्याचा 'शस्त्रपूजन सोहळा' केला. फोटोग्राफर आणला. माळ घातलेली बंदूक छातीशी धरून, दूरवर कुठेतरी शत्रू दिसत असल्यासारखी नजर लावून तो उभा राहिला. तो फोटो दिवसभर सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. त्यात मामा कडेला अर्धे कापले गेले होते. मी तर आख्खाच.

पण खरा सल फोटोचा नव्हता. जावयाला अहो-जाहो करायची आपल्याकडे रीत आहे. मामा मला 'जावईबापू' म्हणतात, 'बसा' म्हणतात, 'चहा घेणार ना?' म्हणतात. साडूला ते 'अरे ए' म्हणतात. "अरे ए, ती मोटर बंद कर." "गाढवा, कालच का नाय बोलला?" सासऱ्याने जावयाला गाढव म्हणणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्याने लग्नापासून 'बसा' ऐकलं त्यालाच कळेल.

गेल्या दसऱ्यानंतर मामांनी परवान्याचा विषय काढला. त्यांनी सत्तरी ओलांडली होती. या वयात परवाना वारसाच्या नावावर करता येतो, आणि वारसांत जावईही बसतो. पण ज्याच्या नावावर करायचा त्याला बंदूक हाताळता येते, असा शिकल्याचा दाखला लागतो.

"मग मी शिकून घेतो," साडू म्हणाला.

"मीही शिकतो," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण मला तो नवा वाटला.

साडूने माझ्याकडे असं पाहिलं जसं वऱ्हाडात आगंतुक माणसाकडे पाहतात. मामांनी दोघांकडे पाहिलं. "शिका दोघंबी. मग बघू." त्या 'मग बघू'वर मी पुढचे काही महिने काढले.

शहराबाहेरच्या एका रेंजचे आम्ही सभासद झालो. रविवारी मामा परवानाधारक म्हणून बंदूक घेऊन साडूच्या गाडीतून येत, मी माझ्या स्कूटरवरून. पहिल्याच रविवारी साडू खांद्यावर चामड्याचा तुकडा शिवलेलं जाकीट, टोपी आणि पिवळा चष्मा घालून आला. मी बिनबाह्यांचा स्वेटर घातला होता.

तिथल्या प्रशिक्षकाने सुरुवातीलाच एक गोष्ट सांगितली, ती मला आवडली. रायफलीला पुढे-मागे दोन खुणा असतात, त्या जुळवायच्या. छऱ्यांच्या बंदुकीला नळीच्या टोकावर फक्त एक मणी असतो, त्याला माशी म्हणतात. मागची खूण म्हणजे तुमचा डोळा. लाकडी दस्त्यावर गाल टेकला की डोळा जिथे येतो, तिथून बार जातो. डोळा वर आला तर बार वर, खाली गेला तर खाली. "बंदूक डोळे मिटून विकत घेता येत नाही, चप्पल जशी पायात घालून घेतात तशी गालाला लावून घ्यायची," तो म्हणाला.

समोर पांढऱ्या कागदावर काळं वर्तुळ. मी नेम धरला, चाप ओढला. कागदाखालची माती उडाली. पुन्हा ओढला, पुन्हा तीच माती. माझ्यात सातत्य होतं, हे कुणी म्हटलं नाही.

मग साडू. बार झाला आणि वर्तुळाची चाळणी झाली.

"सर, कागद वर लावलाय," तो म्हणाला. मला तो 'सर' म्हणतो, पण असं म्हणतो की पुढे 'बिर' ऐकू यावं. "का तुम्ही उंदीर मारताय?"

मग मामा. त्यांचाही बार बरोबर वर्तुळात. साडू टाळ्या वाजवायला लागला. "बघा! ह्याला म्हणतात खानदानी नेम!" तो जावई, खानदान सासऱ्याचं, पण मी इतिहास शिकवतो म्हणून काय सगळीकडेच चुका काढायच्या?

पुढचे दोन-तीन रविवार तसेच गेले. शेवटी मी म्हणालो, "मामा, बंदुकीत काहीतरी गडबड आहे."

"बंदुकीला काय झालंय? आम्हा दोघांचं बराबर लागतंय की."

"मग माझंच का खाली?"

"तुम्हाला गालच नाय, जावईबापू," मामा हसत म्हणाले. "नुसता जबडा. भरलेला गाल पायजे तिथं."

साडू हसून हसून खोकला, आणि बाजूला जाऊन थुंकून आला.

रात्री असले अपमान आठवत पडण्यापेक्षा मी वाचत बसणारा माणूस आहे. बार कुठे लागतो आणि तो कसा सरळ करतात, यावर सापडेल ते वाचलं. सगळ्यांचं म्हणणं एकच: नळीला हात लावू नका, दस्ता बघा. गाल टेकतो ती कड उंच केली की बार वर सरकतो, खरवडली की खाली. म्हणून पुढच्या रविवारी मी दस्ता नीट पाहिला. वरची कड चपटी होती. तिथला रंग बाकीच्या लाकडाहून फिका, पॉलिश वेगळं.

"हा कुणी घासलाय, मामा?"

"मीच. कानस मारून. नवी होती तवा बार लय वर जायचे. विहिरीच्या भिंतीवर चुन्यानं गोल काढून मारून बघायचो, आन् घासायचो. जमलं तवा सोडलं."

मला आनंद झाला. माझा दोष नव्हता, दस्ता खाली घासलेला होता. पण स्कूटरवर घरी येताना द्वारकेच्या सिग्नलला अडकलो होतो, तेव्हा एक गोष्ट खटकली. मामा माझ्याहून हडकुळे आहेत. त्यांच्या गालाला तर माझ्याहून खोल खड्डा आहे. असल्या माणसाचा डोळा दस्त्यावर खालीच येणार. त्याचे बार वर जायचं कारण काय? आणि आता इतका घासलेला दस्ता त्यांना बरोबर कसा बसतो, जो मला बसत नाही?

सिग्नल हिरवा झाला. मागचा रिक्षावाला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी तसाच उभा होतो, कारण मला मामांचा उजवा गाल दिसत होता.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. मामांच्या उजवीकडच्या दाढा कधीच्या गेलेल्या आहेत. त्या जागी तरुणपणापासून तंबाखूचं पान बसत असे, चांगलं लिंबाएवढं. आमच्याकडे बंदुकीतही बार भरतात आणि गालातही बारच भरतात. मामा दोन्ही भरून बांधावर उभे राहत. साहजिकच गाल फुगायचा, डोळा वर यायचा, बार वर जायचा. तो खाली आणायला त्यांनी गाल मोकळा करायचा सोडून लाकूड खरवडलं. बंदूक त्यांनी तंबाखूच्या मापाची करून घेतली होती.

पण दोनएक वर्षांपूर्वी दातांच्या डॉक्टरने त्याच गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवून सांगितलं होतं की आता तंबाखू बंद, नाहीतर पुढचं माझ्या हातात नाही. दोन्ही मुलींनी घर धुंडाळून डबे, पुड्या, चुन्याच्या डब्या फेकून दिल्या. मामा म्हणाले, "सोडलं म्हंजे सोडलं." आम्ही सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं. माझ्या बायकोने तर पेढे वाटले.

आणि तंबाखूभरल्या गालासाठी घासलेल्या दस्त्यावरून त्यांचा प्रत्येक बार वर्तुळात जात होता.

त्यांना पुडी कोण पोचवतं, हे शोधायला डोकं लागत नव्हतं. साडूचा उजवा गाल कायम भरलेला असतो. तो रोज सकाळी 'मामांना चहाला सोबत' म्हणून जातो, हे त्याची बायको कौतुकाने सांगायची. 'अरे ए' आणि 'गाढवा' कुठून येत होतं, ते मला तेव्हा समजलं.

मला काळजी वाटायला हवी होती. राग यायला हवा होता. ते आलंही, पण मागाहून. आधी जो आला तो हेवा. बंदुकीचा नव्हे. चोरून पुडी आण, असं मामांनी मला कधीच सांगितलं नसतं. मी आणली नसती हे खरं. पण विचारलं तर असतं!

पुढच्या रविवारी साडू जाकिटातले फोटो काढून घ्यायला गेला, तेव्हा मी बाकावर मामांच्या शेजारी बसलो.

"मामा, बार भरलाय?"

"छे." त्यांनी बंदूक बिजागरीपाशी मोडून दोन्ही नळ्या उघड्या दाखवल्या. "मोकळी हाय."

"बंदुकीचं नाही विचारत."

 त्यांची जीभ गालात फिरली, ते बाहेरून दिसलं. मग त्यांनी साडूकडे पाहिलं. "त्यानं सांगितलं?"

"नाही. तुमच्या कागदाने सांगितलं." मी त्यांना सगळं समजावलं: गाल, डोळा, कानस. ते ऐकत राहिले आणि शेवटी, मला अपेक्षित नव्हतं, खदाखदा हसले.

"आयला, एवढं शिकून हे हुडकलं?" मग हसू ओसरलं. "पोरींना सांगणार?"

सांगितलं असतं तर साडूचा निकाल एका दुपारीत लागला असता. त्याच्या बायकोने त्याला बंदुकीजवळ काय, गेटजवळ उभं केलं नसतं. मी तो देखावा मनात दोनदा पाहिला. दोन्ही वेळा तो सुंदर होता. फक्त त्यात मामाही उभे होते, मान खाली घालून, आपल्याच मुलींसमोर.

"नाही सांगणार," मी म्हणालो. "पण दस्ता पहिल्यासारखा करतो. मोकळ्या गालाला बसेल असा. मग गाल भरून मारलं की बार वर जाईल."

त्यांना समजायला क्षण लागला. "म्हंजे माझ्याच बंदुकीला चुगलीला बसवता."

"मला बसवण्यापेक्षा बरं."

तो उपाय मामांच्या भल्याचा होता, यात शंका नाही. त्याने साडूचेही बार वर जाणार होते आणि माझे वर्तुळात, हा योगायोग. असं मी स्वतःला सांगितलं, आणि माझ्याइतकं वाचन असलेल्या माणसाला स्वतःला काहीही पटवता येतं.

परवाना मामांचा, त्यामुळे काम त्यांच्याच ओसरीवर करावं लागलं. बुचाची पातळ पट्टी कापायची, दस्त्याच्या कडेवर चिकटवायची, वर पातळ चामडं ताणून बसवायचं. मग रविवारी रेंजवर मारून बघायचं. खाली गेलं की आणखी एक थर. मामा खुर्चीत बसून बघत. "कड जरा उतरती करा, गालाला टोचतीय." "हात चांगला हाय तुमचा, वाटत नव्हतं." त्या दुपारी मला मनापासून आवडल्या. मध्येच साडूचा फोन यायचा आणि मामांचा चेहरा असा उजळायचा की माझ्या हातातली पट्टी वाकडी कापली जायची.

थर जमले त्या रविवारी मी पहिला बार काढला. वर्तुळाची चाळणी. दुसरा, तीच जागा. आयुष्यात एखादी गोष्ट अशी नेमकी लागते तेव्हा मागे वळून बघायचं नसतं. मी वळून बघितलं. मामा साडूकडे बघत होते.

साडू पुढे आला. गाल भरलेला, छाती पुढे. बार झाला. कागदावर वर्तुळाच्या वीतभर वर भोकं. त्याने बंदूक खाली-वर केली. "सर, काय केलं हिला?"

"दुरुस्त केली."

"मला तर बिघडवल्यासारखी वाटती."

"आण इकडं," मामा म्हणाले.

त्यांनी बंदूक खांद्याला लावली, गाल चामड्यावर टेकवला. मी त्यांच्या गालाकडे बघायचं टाळलं. बार झाला. वीतभर वर.

 मामांनी बंदूक मोडून प्रशिक्षकाकडे दिली आणि भिंतीमागच्या नळावर गेले. चूळ भरल्याचा आवाज आला, बराच वेळ. मिशी पुसत परत आले, बंदूक घेतली, गाल टेकवला. बार बरोबर वर्तुळात.

साडू कागदाकडे बघत होता. मग मामांच्या ओल्या मिशीकडे. मग दस्त्यावरच्या चामड्याकडे, आणि शेवटी माझ्याकडे. मी ज्याला आजवर मूर्ख समजत होतो तो इतक्या लवकर समजेल, असं मला वाटलं नव्हतं. तो आता काही टोला मारेल म्हणून मी उत्तर तयार ठेवलं.

"डॉक्टरनं खरंच तसं सांगितलं होतं का हो, सर?" त्याने हळू आवाजात विचारलं. "मामा म्हणायचे, डॉक्टर उगाच घाबरवतो."

"खरंच सांगितलं होतं."

त्याने जाकीट काढून बाकावर ठेवलं आणि तोही नळावर गेला. परत आला तेव्हा एक गाल दुसऱ्याएवढा झालेला होता. त्याने मारलं. वर्तुळात. मी थर माझ्या गालाने मोजून लावले होते. ते त्यालाही तंतोतंत बसले.

"आता रोज सकाळी येशील ते मोकळ्या हातानं," मामा त्याला म्हणाले. "मी सोडतो. तूबी सोड. एकट्यानं नाय व्हायचं."

"बरं."

"बरं काय? शब्द दे, गाढवा."

त्याने दिला. जाताना गाडीपाशी मामांनी मला हाक मारली. "जावईबापू, परवाना ह्याच्या नावावर करतो. बाग ह्याच्या शेजारी, रोजचा येणारा माणूस. तुम्ही एवढं केलं, तुम्हाला पटंल." मला पटलं. यासारखी वाईट गोष्ट नाही. काही कारणं खोटी असती तर दुसऱ्या दिवशी लढता आलं असतं.

घरी बायकोने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "बंदूक सरळ झाली." तिने पुढे विचारलं नाही, पण जेवताना मला न मागता साय वाढली. बाकीचं तिला हे वाचूनच कळेल.

नंतर मी एकदा बिनकामाचाच निफाडला गेलो. दोघे ओसरीवर समोरासमोर बसले होते. मध्ये बडीशेपेची वाटी. दोघांची तोंडं आंबट, डोळे तांबारलेले, सकाळपासून तीनदा भांडण झालेलं. साडूने मळ्यातल्या गड्याला विनाकारण झापलं होतं, मामांनी साडूला. एकाला तलफ आली की तो उठून दुसऱ्याला हाक मारतो आणि दोघे बागेत चक्कर मारून येतात, असं कळलं. सुटेल की नाही कुणास ठाऊक. पण दोघे सोबत हैराण होते, आणि सोडण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. जन्मभर निर्व्यसनी राहिल्याचा इतका पश्चात्ताप मला कधी झाला नव्हता.

"बसा," मामा म्हणाले, आणि वाटी माझ्याकडे सरकवली.

मी चिमूटभर बडीशेप घेतली आणि उजव्या गालात धरून बसलो. मामा बागेकडे बघत होते. साडू माझ्याकडे बघत होता.

"चावायची असते ती, सर," तो म्हणाला.